नाव ठेवणे

मंगळवारी, माजी सैनिकांच्या हॉलच्या तळघरात
शुक्रवारच्या तळलेल्या माशांचा वास
अजून खुर्च्यांना धरून होता.
बाहेर मिशिगन सरोवर, नोव्हेंबरचं, शिशासारखं.
आत बेचाळीस माणसं, कॉफीचं एक पिंप
आणि कार्यक्रमपत्रिकेवर एकच ओळ:
केसलर्स पॉइंट ड्रम अँड ब्युगल कोअर
हे नाव ठेवायचं की नाही.

नावं ठेवायला तर सगळेच आले होते.

आधी उठला रोलंड शिमान्स्की,
अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. पोरवयात सोप्रानो बिगुल वाजवायचा,
आता एकाच कानाने ऐकतो.
म्हणाला, आपल्याकडे एकही बिगुल उरला नाही, ठाऊक आहे मला.
मेलोफोन आहेत, ट्यूबा आहेत,
तीन-तीन खटक्यांचे ट्रंपेट आहेत,
मैदानाच्या कडेला सिंथेसायझर
आणि त्याला वीज पुरवणारा जनरेटर,
जो हळुवार जागी सगळ्यांत मोठ्याने वाजतो.
सगळे हसले. तोही, थोडा उशिरा.
तरीपण, म्हणाला,
आणि खाली बसला.
'तरीपण'च्या पुढचं काही त्याने आणलंच नव्हतं.

मग टेसा फेल्टकँप, नवी संचालिका.
मुलं विचारतात, कोअर म्हणजे सैन्यात भरती का?
आया विचारतात, बंदुका असतात का?
चेक फाडणाऱ्याला कळत नाही
तो नेमका कशासाठी फाडतोय.
छोटं नाव हवं, टी-शर्टवर मावेल असं.
तिचं काही खोटं नव्हतं.
सोनूबाई आणि तिचा कथलाचा वाळा
त्या गावापर्यंत पोचलेले नाहीत,
नाहीतर तिने तेच फळ्यावर लिहिलं असतं.

ऑटिली ब्राँडनर उभी राहिली नाही.
गुडघे. बसूनच बोलली.
एकाहत्तर साली मी हे नाव निळ्या मखमलीवर टाचलं.
कोअरच्या शेवटी दोन अक्षरं आहेत, पी आणि एस.
आजवर कुणी ती तोंडातून काढलेली नाहीत.
जरीचा दोरा मात्र त्यांनाही तेवढाच लागला,
एसला तर जास्तच, वळणं फार.
चौथ्या जुलैच्या प्रत्येक मिरवणुकीत
ही दोन मुकी सगळ्यांच्या पुढे चालली,
आणि कुणी म्हटलं नाही, ऑटिली, ही उसव.
मुकी अक्षरं चालतात तुम्हाला.
मग एक मुका बिगुल
इतका का खुपतो?

पिंपाखालची ज्योत कुणीतरी विझवली.
टेसाने वहीत काहीतरी लिहिलं, मग त्याखाली रेघ ओढली.

मतं पडली एकोणीस आणि अठरा,
पाच जण तेव्हा मोटारी गरम करायला गेले होते.
कोण एकोणीस, यावरही वाद झाला,
कारण रोलंडने दोन्ही वेळा हात वर केला होता,
त्याला प्रश्न नीट ऐकू आला नव्हता.
विषय वसंतावर ढकलला.
तोवर पोरं नाव काढतीलच,
आता या शब्दाचा
ज्याला जो हवा तो अर्थ त्याने घ्यावा.

पार्किंगमध्ये पाकू व्हांग आईची वाट पाहत होती,
सोळा वर्षांची, मेलोफोनवाली,
हाताची बोटं बाह्यांत ओढून घेतलेली.
रोलंडने डिकी उघडली, जुनं ब्लँकेट उलगडलं.
हेच का ते? तिने विचारलं.
त्याचा एकुलता खटका गंजून बसला होता,
दाबून हलेना.
राहिली नुसती नळी, आणि नळीच्या पोटात
मुळातच असतात ते चार-पाच सूर.
तिने फुंकलं. पहिला फाटला.
दुसरा बर्फाळ गाड्यांवरून सरळ सरोवराकडे गेला.

इतकेच आहेत यात?
काय? म्हणाला रोलंड.

ती वळसा घालून त्याच्या दुसऱ्या बाजूला आली,
चांगल्या कानाकडे,
आणि पुन्हा फुंकलं.